साठे सरांचा धडा आणि माहितीचा अधिकार

माहिती अधिकार कायद्याच्या आठव्या कलमात २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने केलेला बदल दिसायला किरकोळ आहे. पूर्वी सार्वजनिक कामाशी संबंध नसलेली खासगी माहितीच या कलमाखाली नाकारता येत असे. दुरुस्तीनुसार माहिती ‘वैयक्तिक’ आहे, एवढे कारण पुरते. व्यापक जनहितासाठी माहिती देण्याची तरतूद कायद्यात अन्यत्र शिल्लक आहे खरी. पण तिचा वापर अधिकाऱ्यांच्या मर्जीवर. यावर वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी डॉ. सत्यरंजन साठे यांचे लेखन पुन्हा चाळावे.

पुण्याच्या आयएलएस विधी महाविद्यालयाचे प्राचार्यपद साठे सरांकडे आले ते १९७६मध्ये, ऐन आणीबाणीत. त्याच वर्षी जबलपूर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्थानबद्धांचा दाद मागण्याचा हक्क नाकारला. बहुमताच्या बाजूने असलेले न्या. यशवंतराव चंद्रचूड याच महाविद्यालयाचे माजी विद्यार्थी! राज्यघटना शिकविण्यास याहून कठीण काळ कोणता असेल? पुढे १९९१पर्यंत सर प्राचार्य होते आणि प्रशासकीय कायद्यावरील त्यांचा ग्रंथ विद्यार्थ्यांच्या हाती फिरत राहिला.

न्यायालयीन सक्रियतेवरील त्यांचे इंग्रजी पुस्तक २००२मध्ये आले. आणीबाणीनंतर न्यायालय गोरगरिबांच्या प्रश्नांकडे वळले, त्यामागे बलाढ्य सत्तेपुढे टिकायचे तर लोकांचा आधार हवा ही जाणीव असावी, असे त्यांचे निरीक्षण होते. सक्रियतेचे ते समर्थक. मात्र आंधळे नव्हेत. न्यायालयाच्या मर्यादांची चर्चाही त्यांनी तितक्याच गांभीर्याने केली.

लोकांचा विश्वास हेच न्यायालयाचे बळ असेल, तर लोकांना माहिती मिळालीच पाहिजे. साठे सरांच्या अभ्यासाचे दोन धागे येथे जुळतात. माहितीचा हक्क अभिव्यक्तिस्वातंत्र्यातच अनुस्यूत असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने १९८१च्या न्यायाधीश नियुक्ती खटल्यात मान्य केले आणि सरकारला पत्रव्यवहार उघड करावा लागला. केंद्राचा कायदा येण्यास २००५ उजाडले. साठे सरांचे निधन २००६चे; सरन्यायाधीशांचे कार्यालयही या कायद्याच्या कक्षेत येते, हा २०१९चा निकाल त्यांना पाहता आला नाही.

खासगीपणाही मूलभूत हक्क असल्याचे न्यायालयाने २०१७मध्ये नि:संदिग्धपणे सांगितले आहे. तेव्हा दोन हक्कांचा तोल प्रत्येक प्रकरणात तपासावा लागेल. जुन्या कलमात ही तपासणी माहिती अधिकाऱ्याला करावी लागे. नव्या शब्दरचनेत नकार देताना त्याला ती टाळता येते.