प्रश्न त्यांनाच विचारा

पक्षाघातातून माणूस वाचला, घरी आला, हात थोडा हलू लागला की घरचे निर्धास्त होतात. मग कळते, बाबा चहाला 'चष्मा' म्हणताहेत. 'हो' म्हणायचे असते तेव्हा तोंडून 'नाही' निघते. हळूहळू पाहुणे, बँकेतले कर्मचारी, कधी डॉक्टरसुद्धा बाबांबद्दलचे प्रश्न मुलाला किंवा सुनेला विचारू लागतात. बाबा समोरच बसलेले असतात.

या अवस्थेला अफेजिया किंवा वाचाघात म्हणतात. पक्षाघात झालेल्या साधारण तिघांपैकी एकाला तो होतो. बहुतेकांच्या मेंदूत भाषेचे काम डाव्या बाजूला चालते आणि शरीराची उजवी बाजूही तीच हलवते. म्हणून उजवा हात लुळा पडलेल्यांची वाचाही पुष्कळदा गेलेली दिसते. पॅरिसच्या पॉल ब्रोका यांनी १८६१ मध्ये ज्याचा मेंदू तपासला, तो रुग्ण वर्षानुवर्षे 'टॅन' एवढेच बोलत होता. मात्र बोललेले त्याला बरेचसे समजे आणि उत्तर तो खुणांनी देई. उलट काही रुग्ण भराभर बोलतात, पण अर्थ लागत नाही आणि दुसऱ्याचे बोलणेही त्यांना नीट उमगत नाही. त्यामुळे 'त्यांना सगळे कळते' आणि 'काहीच कळत नाही' ही दोन्ही विधाने तपासणीआधी करू नयेत.

घराघरांत गैरसमज होतो तो आणखी एका गोष्टीवरून. पाणी मागता न येणारा माणूस गणपतीची आरती म्हणतो, एकापासून दहापर्यंत आकडे मोजतो, चिडला तर शिवीही स्पष्ट देतो. मग 'सोंग करतात' असा आरोप होतो. ते सोंग नसते. पाठ झालेले, सुरात बसलेले बोलणे आणि आयत्या वेळी शब्द शोधून केलेले बोलणे मेंदू वेगवेगळ्या रीतीने घडवतो.

टीव्ही बंद करा. एका वेळी एकच प्रश्न विचारा. कप आणि पेला दोन्ही समोर धरा. मोठ्याने बोलू नका, कान शाबूत आहेत. आणि थांबा. उत्तराची वाट पाहताना दहा सेकंदही फार वाटतात, पण वाक्य आपण पुरे करायचे नाही. पाहुण्यांसमोर 'हे काय आहे, सांगा बघू' अशी परीक्षा तर मुळीच घेऊ नये.

रुग्णालयातून सोडताना कागदावर फिजिओथेरपी लिहिलेली असते. वाचा-उपचाराचा उल्लेख पुष्कळदा नसतो. तो मागून घ्यावा. पहिल्या काही महिन्यांत सुधारणा वेगाने होते, पुढे ती मंदावते, तरी वर्षांनंतरही होऊ शकते. तालुक्याच्या गावी वाचा-उपचारतज्ज्ञ मिळणे अवघड आहे, आणि ही उणीव सरकारनेच भरून काढायला हवी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने कायमस्वरूपी अफेजियाचा समावेश वाचा व भाषा दिव्यांगत्वात केला आहे. प्रमाणपत्रासाठी अर्ज करता येतो, हेच बहुतेक कुटुंबांना कोणी सांगत नाही.