एका ‘न’चे ओझे

बियालिस्टोक हे आजच्या पोलंडमधील शहर. एकोणिसाव्या शतकात ते रशियन साम्राज्यात होते. पोलिश, रशियन, जर्मन व यिद्दिश बोलणारे लोक तेथे शेजारी शेजारी राहत. मात्र एकमेकांविषयी त्यांच्या मनात संशयच अधिक असे. याच शहरात १८५९ साली जन्मलेल्या लुडविक झामेनहोफ यांना लहानपणापासून वाटत आले, की या वैराचे एक मूळ भाषेत आहे. पुढे ते नेत्रवैद्य झाले. पण कोणा एका जमातीची नसलेली, सर्वांना सारखीच परकी आणि सारखीच जवळची अशी भाषा रचण्याचा ध्यास त्यांनी सोडला नाही. १८८७ साली वॉर्सा येथे ‘डॉक्टर एस्पेरांतो’ या टोपणनावाने त्यांनी एक लहानसे पुस्तक प्रसिद्ध केले. एस्पेरांतो म्हणजे आशा बाळगणारा. लोकांनी लेखकाचे टोपणनावच भाषेला देऊन टाकले.

या भाषेचे व्याकरण सोळा नियमांत मांडलेले आहे. त्यांपैकी नामाचा नियम पाहावा. प्रत्येक नामाच्या शेवटी ‘ओ’ येतो. ‘हुंदो’ म्हणजे कुत्रा, ‘कातो’ म्हणजे मांजर, ‘दोमो’ म्हणजे घर. अनेकवचन करावयाचे असल्यास पुढे ‘य’ लावावा : हुंदोय, कातोय, दोमोय. नामाला व्याकरणातील लिंग नाही. विभक्ती दोनच. नाम कर्ता असेल तर ते जसेच्या तसे राहते, कर्म असेल तर त्याच्या अंती ‘न’ येतो. उरलेले संबंध नामापूर्वी येणाऱ्या सुट्या शब्दांनी दाखवायचे. अपवाद नाहीत.

मराठी शिकणाऱ्याला याचा हेवा वाटला तर नवल नाही. आपल्याकडे प्रत्यय लागण्यापूर्वी नाम आपले रूप बदलते. घोड्या-, पावसा-, मुला- ही ती सामान्यरूपे. ‘भिंत’ आणि ‘वीट’ हे दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, दोन्ही अकारान्त. तरी आपण ‘भिंतीला’ म्हणतो आणि ‘विटेला’ म्हणतो. अनेकवचन ‘भिंती’ आणि ‘विटा’ असे होते, हे ज्याला आधीच ठाऊक आहे त्यालाच हा भेद उलगडतो. घरात मराठी ऐकत वाढलेल्याला तो कधी जाणवतही नाही. इतरांना मात्र तो शब्दागणिक पाठ करावा लागतो.

झामेनहोफ यांनी सामान्यरूपासारखी सारी गुंतागुंत टाकून दिली, पण कर्माचा ‘न’ ठेवला. या एका अक्षरावरून जेवढा वाद झाला, तेवढा एस्पेरांतोतील क्वचितच दुसऱ्या कशावरून झाला असेल. विशेषणालाही तो लावावा लागतो, हे टीकाकारांना अधिकच खटकते. १८९४ साली खुद्द झामेनहोफ यांनी सुधारणांचा एक मसुदा मांडला. त्यात हा ‘न’ वगळलेला होता. वर्गणीदारांचे मत घेण्यात आले आणि बहुमताने मसुदा फेटाळला गेला. १९०७ साली एस्पेरांतोतूनच ‘इडो’ ही सुधारित भाषा निघाली. तिने ‘न’ला सक्तीतून मुक्त केले, कर्म कर्त्याच्या आधी आले तरच तो लावायचा.

माझे मत वर्गणीदारांच्या बाजूचे आहे. ‘ला हुंदो मोर्दास ला कातोन’ म्हणजे कुत्रा मांजराला चावतो. आता शब्दांची उलटापालट करा : ‘ला कातोन मोर्दास ला हुंदो’. चावणारा अजूनही कुत्राच आहे. इंग्रजीत अशी अदलाबदल केली तर चावणारा बदलतो. मराठी माणसाला मात्र ‘मांजराला कुत्रा चावतो’ हे वाक्य मुळीच विचित्र वाटत नाही, कारण आपलाही भार शब्दांच्या क्रमापेक्षा प्रत्ययावर अधिक असतो. ज्याची भाषा क्रमावर उभी आहे, त्याला ‘न’ हे ओझे वाटते. म्हणजे सोपेपणा नियमात असतो तसाच तो शिकणाऱ्याच्या कानातही असतो.

अर्थात मराठी भाषकाने फार खुशीत राहू नये. ‘मी मुलाला पाहतो’ असे आपण म्हणतो, पण ‘मी पुस्तक वाचतो’ असेही म्हणतो. निर्जीव कर्माला आपण बहुधा प्रत्यय लावत नाही. एस्पेरांतोत मुलालाही ‘न’ आणि पुस्तकालाही ‘न’ : ‘मी लेगास लिब्रोन’. (एस्पेरांतोतही ‘मी’ म्हणजे मीच, हा एक गमतीदार योगायोग.) येथे आपली जीभ हमखास चुकणार.

आणखी एका ठिकाणी हा ‘न’ आपल्यापेक्षा काटेकोर आहे. ‘मांजर घरात उडी मारते’ या वाक्यात मांजर घरातल्या घरात उडी मारते, की बाहेरून आत? मराठीत संदर्भ पाहावा लागतो. एस्पेरांतोत ‘एन ला दोमो’ म्हटले तर मांजर आधीपासूनच आत आहे. ‘एन ला दोमोन’ म्हटले तर ते आत्ता आत आले. एका व्यंजनाने एवढे काम करावे, ही काटकसर मला फार आवडते.

हे सारे आठवण्याचे कारण एका उत्तरपत्रिकेत मिळाले. हिंदी भाषक प्रदेशातील एका प्रौढ अध्ययनार्थी बाईंनी लिहिले होते, ‘मी भिंतला खिळा ठोकला.’ ती चूक दुरुस्त करून दिल्यावर पुढच्या वेळी त्यांनी ‘विटीला’ असे लिहिले. नियम मन लावून शिकल्या, म्हणूनच त्या दुसऱ्यांदा चुकल्या. दोन्ही वेळा गुण कापले गेले, आणि ‘मराठी मला जमायची नाही’ असे म्हणून त्या परीक्षेला बसण्याचे टाळू लागल्या.

‘भिंतला’ या रूपात अर्थ कोठे हरवला? ‘ला’ हा प्रत्यय योग्यच होता. तो नसता, किंवा त्याच्या जागी ‘ने’ असता, तर भिंतच खिळा ठोकू लागली असती. प्रत्यय अर्थ वाहतो, सामान्यरूप भाषेची सवय सांगते. झामेनहोफ यांनी पहिले राखले आणि दुसरे सोडले. आपल्याला मराठीतून सामान्यरूप काढता येणार नाही, काढूही नये. ‘घोडाला’ ऐकून माझाही कान दुखतो. परंतु या दोन प्रकारच्या चुकांना उत्तरपत्रिकेत सारखेच गुण कापले जातात, ते मला मान्य नाही. प्रत्यय चुकला तर गुण जरूर कापावा. ‘भिंतला’ या शब्दाखाली रेघ ओढावी, बाजूला ‘भिंतीला’ असे लिहावे आणि गुण द्यावा.