वितळलेलं घड्याळ आणि आपलं ‘नवं’ शहर

साल्वादोर दालीची वितळलेली घड्याळं तुम्ही पाहिली नसतील असं होणार नाही. टी-शर्टवर, मोबाइल कव्हरवर, नाहीतर डेडलाइन हुकल्यावर ग्रुपवर पडणाऱ्या मीममध्ये. मूळ चित्र १९३१चं. पण पुढे हेच मऊ घड्याळ दालीने ब्राँझमध्येही आणलं. ‘प्रोफाइल ऑफ टाइम’ या शिल्पात ते फांदीवरून ओघळतं आणि बाजूने बघितलं तर त्यात चेहरा दिसतो.

तुम्ही म्हणाल, चित्रात वितळवणं ठीक, पण धातूत कशाला? मला तर खरी गोम तिथेच वाटते. ब्राँझ ओतताना आधी मेणाचा नमुना करतात, त्याभोवती साचा चढवतात, मग तापवून मेण वाहून जाऊ देतात आणि रिकाम्या जागेत वितळलेला धातू ओततात. म्हणजे आज टणक दिसणारी ही वस्तू कधीतरी खरोखर वाहत होती. आणि तिला आकार देणारं मेण आता कुठेच दिसत नाही.

आता नवी मुंबईत या. हे शिल्प पहिल्यांदा ओतलं गेलं १९८४ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत उरण तालुक्यात, जासई परिसरात, जमिनीच्या मोबदल्यासाठी लढणाऱ्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला. पाच जण हुतात्मा झाले. दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या त्या लढ्यातून साडेबारा टक्के योजना आली. ९५ गावांच्या जमिनीवर आपलं शहर उभं राहिलं. आपले नोड, स्टेशनं, कॉलेजं हा टणक धातू. गावं म्हणजे ते मेण. फरक एवढाच, की गावं पूर्ण वाहून गेलेली नाहीत. टॉवरच्या मागच्या गल्लीत गावठाण अजून आहे, गावदेवीची जत्राही भरते.

तरी आपण बिनधास्त म्हणतो, “इथे काय, सगळं नवीनच!” चौकाचौकांतली शिल्पंही तेच सांगतात. फ्लेमिंगो छान आहेत, सेल्फीही मस्त येतो. पण या शहराचा काळ दाखवणारं एखादं शिल्प वर्दळीच्या स्टेशनबाहेर का नको? आर्टवाल्यांनो, डिझाइन तुम्ही करा. बाकीच्यांनी महापालिकेकडे मागणी लावून धरा.

तोवर एक करा. दर जानेवारीत जासईला हुतात्म्यांना अभिवादन होतं. यंदा जाऊन या. घड्याळ सगळ्यांसाठी सारखं चालत नाही, हे तिथे कुणी समजावून सांगावं लागत नाही.