टिपणे आणि पाहणे

३१ डिसेंबर २०२४ रोजी, सरत्या वर्षाला निरोप देण्याच्या दिवशी, उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगाव भागात एक वाघीण आपल्या पाच बछड्यांसह वाटेवर आली. तिच्या पुढे पर्यटकांची वाहने उभी होती आणि मागेही. प्रत्येक वाहनातून कॅमेरे आणि मोबाइल रोखलेले होते. वाघिणीची वाट अडली आणि पर्यटकांची हौस भागली. ही चित्रफीत सर्वत्र पसरली, वृत्तपत्रांनी आवाज उठविला आणि जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने या प्रकाराची स्वतःहून दखल घेतली. वाहनचालक आणि मार्गदर्शक निलंबित झाले, त्यांना दंडही झाला.

कारवाई योग्यच होती. परंतु अपराध केवळ त्यांचाच होता काय? चालक आणि मार्गदर्शक हे बहुधा जंगलाकाठच्या गावांतील तरुण असतात. वाघ दिसला तर बक्षिसी, न दिसला तर नाराजी, हा हिशेब त्यांना पर्यटकांनीच शिकविला. ‘अजून थोडी पुढे घे’ असे सांगणारा आवाज मागच्या आसनावरून येतो. शिक्षा मात्र पुढच्या आसनावर बसलेल्याला होते.

मराठीत ‘टिपणे’ हे क्रियापद मोठे अर्थपूर्ण आहे. शिकारी सावज टिपतो आणि छायाचित्रकारही दृश्य टिपतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदुकीला आवर घातला. तिच्यामागची वृत्ती मात्र कायद्याने मरत नाही. दिवाणखान्यातील भिंतीवर वाघाचे मुंडके लावण्याची जागा आता मोबाइलच्या पडद्याने घेतली आहे. ‘मी तेथे होतो’ याचा पुरावा हाती आला, की जंगलाचे प्रयोजन संपले!

येथे कॅमेऱ्यावर सरसकट दोषारोप करणे अन्यायाचे होईल. पट्ट्यांवरून वाघाची ओळख पटविणे छायाचित्रांमुळेच शक्य झाले. कऱ्हांडल्याचे नाव ‘जय’ या वाघाच्या छायाचित्रांनी दूरवर नेले. २०१६ मध्ये तो नाहीसा झाला तेव्हा लोक हळहळले, तेही त्याच ओळखीमुळे. वाघांच्या गणनेसाठी वनविभाग झाडांना स्वयंचलित कॅमेरे बांधतो. ते कोणाची वाट अडवीत नाहीत. प्रश्न यंत्राचा नाही, ते हाती धरणाऱ्याच्या अधीरतेचा आहे.

त्या अधीरतेची किंमत वन्य प्राणी मोजतो. पिल्लांची आई वाहनांच्या वेढ्यात सापडली, की पिल्ले मागे राहण्याचा, बिथरण्याचा धोका असतो. शिवाय माणसाच्या सान्निध्याला सरावलेला वाघ अभयारण्याबाहेरच्या रस्त्यावर आणि शेतावरही निर्धास्त वावरू लागतो. तेथे त्याची गाठ पर्यटकांशीच पडेल असे नाही.

नियमांची वाण नाही. प्राण्यापासून किमान २० मीटर आणि दोन वाहनांत ५० मीटर अंतर राखावे, प्राण्याला घेरू नये, असे राष्ट्रीय व्याघ्र संवर्धन प्राधिकरणाने २०१२ मध्येच सांगितले. ताडोब्यात २०१८ पासून पर्यटकांच्या मोबाइलवर बंदी आली. नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही व्याघ्र प्रकल्पांच्या गाभा क्षेत्रातील पर्यटनात मोबाइलला मनाई केली. आता दंडाची पावती पर्यटकाच्या नावेही फाडली जावी आणि हमखास व्याघ्रदर्शनाची लालूच दाखविणाऱ्या जाहिरातींना आळा बसावा.

याच विदर्भातील वनांत मारुती चितमपल्ली यांनी वनसेवेतील अनेक वर्षे घालविली. २०२५ मध्ये ते गेले. मागे राहिले ते पक्ष्यांच्या, वृक्षांच्या आणि पाण्याच्या नोंदींनी भरलेले लेखन. जंगल असे सावकाश उलगडते. नागपूरकरांना हे भाग्य अवघ्या दीड-दोन तासांच्या अंतरावर लाभले आहे. वाघ दिसला नाही म्हणून फेरी वाया गेली असे मानणाऱ्याने सागाचे रान, चितळांचा इशारा आणि तलावावरची पहाट पाहिलीच नाही, एवढाच त्याचा अर्थ. वाघिणीला वाट मोकळी करून देणे हे तिच्यावरील उपकार नव्हेत. ती वाट तिचीच आहे.