बाथरूममध्ये मोकळा असलेला गळा माईकपुढे का दाटतो? कराओके रूमच्या रचनेत दडलंय उत्तर

तासाच्या भाड्याने मिळणारी छोटी बंद खोली. आत स्क्रीन, दोन माईक आणि आपलीच चार माणसं. जपान, दक्षिण कोरिया आणि चीनमध्ये कधीच्याच रुळलेल्या या कराओके रूम आता आपल्या मोठ्या शहरांतही दिसू लागल्या आहेत. जाहिरातींत सगळा भर असतो तो साउंड सिस्टिम आणि रंगीत दिव्यांवर. पण लाजणारा माणूस त्यामुळे गात नाही. आपलं गाणं कोणाच्या कानावर पडणार, हे त्याला ठरवता आलं की तो गातो. चांगली रूम याच एका गोष्टीभोवती उभी राहते, आणि सगळ्यात धोकादायक चूकही इथेच होते.

बारमधून खोलीत कसं आलं गाणं?

'कराओके' हा शब्द जपानी 'कारा' म्हणजे रिकामा आणि 'ओकेसुतोरा' म्हणजे ऑर्केस्ट्रा यांच्या जोडणीतून आला. कोबे शहरातले वादक दाइसुके इनोउए यांनी १९७१ मध्ये 'ज्यूक-८' नावाची ११ यंत्रं तयार करून बारना भाड्याने दिली. पेटंट मात्र त्यांनी घेतलं नाही. २००४ मध्ये त्यांना गमतीदार 'इग नोबेल' पुरस्कार मिळाला, तोही शांततेचा. लोकांना एकमेकांना सहन करायला शिकवण्याचा नवा मार्ग शोधल्याबद्दल!

पण बारमध्ये अनोळखी लोकांपुढे गावं लागे. १९८० च्या दशकाच्या मध्यावर ओकायामा भागात मालवाहू कंटेनरमध्ये कराओकेच्या खोल्या सुरू झाल्या आणि चित्र पालटलं. यंत्र तेच होतं, फक्त अनोळखी श्रोते गेले. मग कुटुंबं, विद्यार्थी आणि बारमध्ये न जाणाऱ्या स्त्रियाही गाऊ लागल्या. आज जपानमध्ये एकट्याने गायला जाणाऱ्यांसाठी 'हितोकारा' असा वेगळा शब्दच आहे.

श्रोते कमी झाले की गाणं का सुधारतं?

मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट झायन्स यांनी १९६५ मध्ये मांडलेला विचार इथे उपयोगी पडतो. पक्की सवय असलेलं काम लोकांसमोर आणखी चांगलं होतं. कच्चं काम लोकांसमोर बिघडतं. म्हणजे तयारीच्या गायकाला सभागृह फुलवतं आणि नवख्याला तेच गारठवतं.

आपल्याला हे भेंड्यांमुळे ठाऊक आहेच. सहलीच्या बसमध्ये गाण्याच्या भेंड्या खेळताना कोणी लाजत नाही. तिथे सगळेच गातात, नुसता ऐकणारा कोणी नसतो. खोलीची रचना करणाऱ्याने हेच साधायचं असतं.

आवाज अडवायचा कसा?

इथे इंजिनीअरिंगचा एक साधा मुद्दा अनेक ठिकाणी चुकतो. भिंतीवर लावलेला स्पंज खोलीतला घुमारा कमी करतो, तो आवाज बाहेर जाण्यापासून फारसा अडवत नाही. आवाज अडतो वजनाने, दोन थरांमधल्या हवेच्या पोकळीने आणि बंद फटींनी.

त्यातही फट सगळ्यात घातक. १० चौरस मीटरच्या भिंतीत दाराखाली १ सेंटिमीटरची फट राहिली, तर ती क्षेत्रफळाचा जेमतेम हजारावा भाग. तरीही भिंत कितीही भक्कम असली, तरी ३० डेसिबलच्या आसपासच आवाज अडतो. आत ९० डेसिबलवर गाणं चालू असेल, तर बाहेर साधारण ६० डेसिबल ऐकू येतं, म्हणजे नेहमीच्या बोलण्याइतकं. शेजारच्या खोलीतलं गाणं आपल्याला कळतंय, म्हणजे आपलंही तिकडे कळतंय, हे लाजणाऱ्याच्या लगेच लक्षात येतं. मग तो माईक पुढच्याला देतो. म्हणून आधी दाराच्या रबरी पट्ट्यांवर खर्च करा, मग स्पीकरवर.

'इको' आणि पट्टी

बाथरूममध्ये आवाज गोड लागतो, कारण फरशा तो परतवतात आणि स्वरांच्या कडा एकमेकांत मिसळतात. बारीकसारीक चुका झाकल्या जातात. माईकवरचा 'इको' हेच काम करतो. तो थोडाच हवा, जास्त झाला की शब्द विरतात.

दुसरी अडचण उशिराची. घरी ब्लूटूथ स्पीकरवर गाताना आपलाच आवाज १०० ते २०० मिलिसेकंद मागून येऊ शकतो आणि ताल सुटतो. तारेने जोडलेली यंत्रणा त्यामुळेच बरी.

तिसरी गोष्ट पट्टीची. मूळ गाणं काळी पाचमध्ये आणि आपला गळा पांढरी दोनचा, तर वरच्या सुराला आवाज फाटणारच. दोष गळ्याचा नसतो, पट्टीचा असतो. पट्टी बदलण्याचं बटण मेन्यूत खोल दडवलेलं नको, हाताशी हवं. आणि गाण्याला गुण देणारी सोय असेल, तर ती आधी बंद असावी. हवी त्याने चालू करावी.

नजर कुठे जाते?

छोट्या खोलीत मंच बांधणं म्हणजे बारमधली भीती परत आणणं. इंग्रजी 'यू'सारखी बैठक आणि समोर स्क्रीन असेल, तर सगळ्यांचे डोळे शब्दांवर राहतात. गाणाऱ्याच्या चेहऱ्यावर कोणी रोखून बघत नाही. माईक दोन असावेत, म्हणजे अडलेल्याला सोबत मिळते. प्रकाश मंद असावा, पण चेहरे ओळखू येतील इतका. चौघांना बाराजणांची खोली देऊ नये. रिकाम्या जागेत गाणारा उघडा पडतो. आणि ऐन अंतऱ्यात वेटर आत येऊ नये. जपानमधल्या खोल्यांत भिंतीवर फोन असतो, त्यावरूनच खाणं मागवायचं आणि वेळ संपत आल्याचंही त्यावरूनच कळतं.

एकांत हवा, कोंडवाडा नको

आता धोक्याबद्दल. फेब्रुवारी २००३ मध्ये अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमधल्या 'द स्टेशन' या नाइटक्लबमध्ये फटाक्यांच्या ठिणग्यांनी आग लागली. ती भडकली आवाज शोषण्यासाठी लावलेल्या फोममुळे. १०० जण दगावले. सप्टेंबर २०२२ मध्ये व्हिएतनामच्या बिन्ह ज्युओंग प्रांतात कराओके इमारतीच्या आगीत ३० हून अधिक बळी गेले. कमला मिलची डिसेंबर २०१७ मधली आग आणि तिच्यातले १४ मृत्यू मुंबई विसरलेली नाही.

आवाज बाहेर जाऊ न देणारी खोली धोक्याचा भोंगाही आत येऊ देत नाही. म्हणून भोंगा वाजताच संगीत आपोआप बंद व्हायला हवं, प्रत्येक खोलीत दिवा लुकलुकायला हवा. फोमऐवजी सहज न पेटणारी खनिज लोकर वापरता येते. दार आतून एका धक्क्यात उघडावं आणि बाहेर पडायला दोन वाटा असाव्यात.

दाराला काचही हवी. जपान आणि दक्षिण कोरियात ती सहसा असते. काही मालक 'प्रायव्हसी'च्या नावाखाली ती झाकतात. मला हे पटत नाही. कोणी काय गातंय हे बाहेर कळू नये, पण आत कोणी अडचणीत असेल तर ते दिसायला हवं. मुली आणि स्त्रिया निर्धास्तपणे येणार असतील, तर ही काच त्यांच्या बाजूची आहे. उलट आत कॅमेरा असेल, तर त्याची पाटी दारावरच हवी. आपलं रेकॉर्डिंग होतंय या शंकेनेही गळा दाटतो.

हे आपल्याला का हवं?

महाराष्ट्रात कराओके ग्रुप गावोगावी आहेत. निवृत्त मंडळी हॉल घेतात, पैसे काढतात, छान गातात. पण तिथे मंच असतो आणि मंचावर चढणारे बहुधा आधीपासून गाणारेच असतात. 'माझा आवाज बरा नाही' असं लहानपणी ऐकून गप्प झालेली माणसं खुर्चीतच राहतात. दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये त्यांना मोठ्याने गायला जागा नसते. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे, आणि शेजाऱ्यांची मर्यादा त्याहून कमी!

त्यांच्यासाठी ही खोली आहे. बुकिंग करण्याआधी फक्त तीन गोष्टी बघा. दार बंद केल्यावर शेजारचं गाणं ऐकू येतं का? पट्टी बदलता येते का? आणि बाहेर पडायची दुसरी वाट कुठे आहे? तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं नाही, तर सिस्टिम कितीही भारी असो, तिथे गाऊ नका.