वेगाचा दंड आणि पुराव्याचा भार

जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला राष्ट्रीय महामार्गावर लोणी ते माना या टापूत ७५ किलोमीटर लांबीच्या एका मार्गिकेचे डांबरीकरण १०५ तास ३३ मिनिटांत पूर्ण झाले. कतारमधील दोहा येथील विक्रम मोडला गेला आणि वर्षानुवर्षे रखडलेल्या या रस्त्याचे नाव गिनीज बुकात गेले. वऱ्हाडाला त्याचा अभिमान वाटला आणि तो रास्तही होता. रस्ता गुळगुळीत झाला तशी वाहने धावू लागली. वाहनांमागोमाग वेग मोजणारी यंत्रेही आली, आणि बडनेऱ्याहून मूर्तिजापूरला जाऊन आलेल्या माणसाच्या भ्रमणध्वनीवर दंडाचा संदेश वाजू लागला.

वेगावर अंकुश हवा, याविषयी वाद नाही. १ जुलै २०२३ रोजी सिंदखेड राजाजवळ समृद्धी महामार्गावर बस पेटून २५ प्रवासी होरपळून मेले, ती रात्र वऱ्हाड विसरलेले नाही. त्या अपघाताची कारणमीमांसा काहीही असो, भरधाव रस्त्यावर क्षणाची चूक केवढी महाग पडते, हे तेथे दिसले. म्हणून दंडाला विरोध करणे हा या लिखाणाचा हेतू नाही. प्रश्न निराळा आहे. ज्याला दंड मान्य नाही, ज्याच्या मते यंत्राने चूक केली किंवा मर्यादेचा फलकच तेथे नव्हता, त्याने काय करावे?

कायदा याचे उत्तर देतो आणि ते बरेच सुस्पष्ट आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १८३ नुसार अतिवेगाचा गुन्हा वाहन चालविणाऱ्याचा असतो. हलक्या वाहनासाठी २०१९ च्या दुरुस्तीने दंड १००० ते २००० रुपये केला. त्याच कलमात एक जुनी, शहाणी तरतूद आहे. एकाच साक्षीदाराच्या नुसत्या अंदाजावरून कोणालाही दोषी ठरविता येत नाही. तो अंदाज यंत्राच्या मोजणीवर आधारलेला असला पाहिजे. कलम ११२ प्रमाणे सुरक्षिततेसाठी एखाद्या ठिकाणी वेगमर्यादा उतरवायची, तर राजपत्रातील अधिसूचनेबरोबर योग्य जागी फलक लावणेही आवश्यक आहे. म्हणजे फलक ही शोभेची वस्तू नसून कायद्याचाच भाग आहे. २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत १६७-अ हा नियम आला. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, त्याचे दरवर्षी नूतनीकरण हवे, यंत्र बसविलेल्या टप्प्याआधी ठळक सूचनाफलक हवा, पुराव्यात स्पष्ट छायाचित्र आणि मोजलेला वेग हवा, अशा अटी त्यात घातल्या गेल्या. ही यंत्रे ज्या शहरांत बसवावयाची त्यांची यादीही नियमासोबत होती. महाराष्ट्रातील १९ शहरांत अकोला आहे आणि अमरावतीही आहे. आपल्या शहरांचे नाव ज्या नियमात छापले गेले, तो नियम या दोन शहरांतील किती वाहनधारकांनी वाचला असेल?

वाण्याच्या तराजूवर शासनाचा शिक्का असावा लागतो. रडारवर चालणाऱ्या वेगमापकांचीही तशीच पडताळणी व मुद्रांकन व्हावे, असे नियम केंद्राने २०२५ मध्ये केले. पावशेर हरभऱ्याला जो न्याय, तो दोन हजारांच्या दंडाला लावण्यास इतका विलंब का झाला, हे एक कोडेच आहे. पण झाले ते योग्यच झाले.

इतके असूनही प्रत्यक्षात काय घडते? चलान आले की एक वर्ग मुकाट पैसे भरतो. दुसरा, मोठा वर्ग चलाने साठवून राष्ट्रीय लोकअदालतीची वाट पाहतो. तेथे काही सवलत पदरात पडली की आपण जिंकलो, अशा समजुतीने तो घरी परततो. वस्तुतः तेथे जिंकणे-हरणे काही नसतेच. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने लोकअदालतीला तडजोड घडविण्याचे काम दिले आहे, साक्षीपुरावा तोलून दोष ठरविण्याचे नव्हे. तडजोड झाली तर निवाडा अंतिम, त्यावर अपील नाही. न झाली तर प्रकरण न्यायालयाकडे परत जाते. निर्दोष माणसाने तेथे तडजोड करणे म्हणजे न केलेल्या गुन्ह्याची घासाघीस करणे होय. आणि ज्याने खरोखर बेफाम गाडी हाकली, त्याला शिक्षेत सूट मिळते. दोघांच्याही मनातून कायद्याचा धाक आणि आदर एकाच वेळी जातो.

न्यायालयाची वाट सोपी नाही, हे मान्य केले पाहिजे. बोरगाव मंजूच्या मालवाहू गाडीवाल्याने दोन हजारांच्या दंडासाठी दोन-तीन तारखा केल्या, तर बुडालेली मजुरी आणि वकिलाची फी दंडाहून अधिक होते. प्रामाणिक माणूस हा हिशेब करतो आणि गप्प बसतो. यंत्रणेला ही गप्प बसण्याची सवय सोयीची वाटते. राज्यात कोणत्या पक्षाचे सरकार आहे, हा प्रश्न येथे गौण आहे; संविधानाच्या नावाने सभा गाजविणाऱ्यांनीही या लहान माणसाची तारीख कधी विचारलेली नाही.

अमरावतीला तर याची मोठी परंपरा आहे. लोकमान्यांना १९०८ मध्ये शिक्षा झाली, तेव्हा अपिलाच्या खटपटीसाठी येथील वकील दादासाहेब खापर्डे विलायतेला गेले. प्रिव्ही कौन्सिलपुढे यश आले नाही. परक्या राजवटीच्या न्यायासनापुढेही पुराव्याची भाषा बोलण्याचा तो आग्रह होता. आज न्यायासन आपले आहे. १८७२ चा इंग्रजी पुरावा कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम लागू झाला आहे. त्याच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते मागणे हा आरोपीचा उद्धटपणा नव्हे. तसेच केवळ दंडाचीच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने सहा महिन्यांच्या आत घ्यावी, ही मर्यादा जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे नव्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. दोन-तीन वर्षांपूर्वीची चलाने घेऊन धावणाऱ्यांना हे कोणी सांगितले आहे काय?

सांगणारे याच दोन शहरांत आहेत. अमरावती आणि अकोल्याच्या वकील संघांनी, विधी महाविद्यालयांच्या विद्यार्थ्यांना हाताशी धरून, न्यायालयाच्या आवारात आठवड्यातून एक दिवस चलान-साहाय्याचे टेबल मांडावे. यंत्राचे प्रमाणपत्र, फलकाचे छायाचित्र, त्या दिवशी गाडी कोण चालवत होते याची नोंद, एवढे कागद तपासावयास अर्धा तास पुरतो. चूक वाहनधारकाची निघाली, तर त्याला तेथेच पूर्ण दंड भरावयास सांगावे. पोलीस अधीक्षक व आयुक्तांनीही आपल्या यंत्रांची प्रमाणपत्रे आणि अधिसूचित वेगमर्यादा मराठीत प्रसिद्ध कराव्यात. त्यासाठी नवा कायदा लागत नाही आणि मुंबईची परवानगीही लागत नाही.