डिफॉल्ट गंधार

आईची जुनी पेटी आता थकली आहे. भात्यातून हवा जाते आणि दोन सूर तर गप्पच झालेत. म्हणून दिवाळीच्या सुट्टीत मी इंजिनिअरगिरी केली. पेटीचा एकेक सूर रेकॉर्ड केला, लॅपटॉपवरच्या सॅम्पलरमध्ये टाकला, ट्यूनरचा दिवा हिरवा होईपर्यंत प्रत्येक सूर सरकवला आणि कीबोर्ड आईसमोर ठेवला. तिने तानपुरा लावला, भूपाचा गंधार दाबला आणि लगेच हात काढून घेतला.

"कणसूर आहे."

मी स्क्रीन दाखवली. "हे बघ, शून्य सेंट. एकदम बरोबर."

"मग तुझा शून्यच चुकलाय," ती म्हणाली आणि चहा टाकायला गेली.

चिडून मी मूळ रेकॉर्डिंग उघडलं. पेटीचा तो गंधार ट्यूनरच्या हिशोबाने जवळपास १४ सेंट खाली होता, आणि मी तो 'दुरुस्त' केला होता. पेटी लावणाऱ्या काकांनी आईच्या पांढरी सहाच्या षड्जाला धरून, कानाने ऐकत, रीड घासून जो सूर मिळवला होता, तो मी दोन मिनिटांत माउसने पुसून टाकला होता.

सॅम्पलर वापरला नसेल तर थोडक्यात सांगतो. रेकॉर्ड केलेला आवाज कुठल्या कीचा आहे हे आपण त्याला सांगतो. मग तो इतर कींसाठी तोच आवाज वेगाने किंवा हळू वाजवतो. बारीक फरकासाठी 'फाइन ट्यून'चं बटण असतं. ते सेंटमध्ये चालतं. दोन लगतच्या कींमध्ये १०० सेंट, पूर्ण सप्तकात १२००. हे सगळे शंभर-शंभरचे समान तुकडे कुणी ठरवले, हे मात्र सॅम्पलर सांगत नाही. फाइल टाकली की ते लागू झालेलेच असतात.

तानपुऱ्याला हे तुकडे ठाऊक नाहीत. खर्जाची तार ११० हर्ट्झला लावली तर तिच्या नादात पाचपट कंपनांचा, म्हणजे ५५० हर्ट्झचा, गंधार आपोआप ऐकू येतो. षड्जापासून तो ३८६ सेंटांवर बसतो. सॅम्पलरचा गंधार ४०० सेंटांवर असतो आणि त्या जागी तो ५५४ हर्ट्झ वाजतो. दोन्ही एकत्र आले की सेकंदाला चारेक वेळा आवाज थरथरतो. आईला टोचला तो हा थरथराट. यात गूढ काही नाही, वजाबाकी आहे.

आता 'एवढं कुणाला कळतं?' असं विचारणाऱ्यांसाठी. समान तुकडे मूर्खपणातून आलेले नाहीत. तो एक सौदा आहे. पियानोवर एकाच रचनेत षड्ज इकडून तिकडे हलवायचा असेल, तर प्रत्येक सूर किंचित कडवट ठेवून कुठल्याही पट्टीत वाजवायची मुभा मिळते. कॉर्डवर उभ्या असलेल्या सिनेगीताला हा सौदा फायद्याचा आहे. पण रागात षड्ज सुरुवातीपासून शेवटपर्यंत जागचा हलत नाही. म्हणजे जी मुभा आपण वापरतच नाही, तिची किंमत प्रत्येक गंधाराला मोजतो. असा सौदा माझ्या कुठल्याही मॅनेजरने केला असता तर आम्ही त्याची टिंगल केली असती.

हा वाद आजचा नाही. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याची मदत घेऊन श्रुती मोजत होते. त्यांचं पुस्तक १९१० चं आहे. पुढे १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने पेटीवर बंदीच घातली आणि ती तीस वर्षं टिकली. मींड निघत नाही आणि सूर समान वाटलेले, हे पेटीचे अपराध. बंदीने काय साधलं? पेटी घराघरात, भजनात, नाटकात वाजतच राहिली. शिक्षा झाली ती वाजवणाऱ्यांना.

म्हणून 'कॉम्प्युटरने संगीत मारलं' म्हणणाऱ्यांच्या बाजूनेही मी नाही. लाकडी पेटीचा सूर बदलायचा तर रीड घासावी लागते. डॉ. विद्याधर ओकांनी बावीस श्रुतींची पेटी घडवली, त्यामागे केवढी मेहनत असेल! सॅम्पलरमध्ये तेच काम म्हणजे बारा आकडे. पट्टी बदलली तर सगळे आकडे षड्जाबरोबर सरकवायचे, एवढंच. इतिहासात पहिल्यांदा हे इतकं सोपं झालंय आणि आपण ते बटण शून्यावर ठेवून बसलोय. दोष यंत्राचा नाही. 'शून्य म्हणजे निःपक्ष' असं समजणाऱ्या माझ्यासारख्यांचा आहे. डिफॉल्ट म्हणजे कुणीतरी आपल्या गरजेसाठी घेतलेला निर्णय. तो आपण न विचारता आपल्या आईच्या गळ्यात बांधतो.

जे रियाझाची ॲप लिहितात, पेट्या-सारंग्यांचे सॅम्पल विकतात, त्यांना माझं सांगणं आहे: आधी मूळ वाद्य जसं लागलं होतं तसं जपा, मग हवं तर 'सुधारा'. आणि ते बारा आकडे सेटिंगच्या सातव्या पानाखाली पुरू नका. आज शिकणाऱ्या मुलांचा कान फोनवर तयार होतोय. त्यांना ४०० चा गंधारच खरा वाटू लागला, तर उद्या तक्रार करायलाही कुणी उरणार नाही.

मी भूपासाठी आकडे बसवले: रिषभ अधिक ४, गंधार उणे १४, पंचम अधिक २, धैवत उणे १६. सगळे गणिताने चोख. आईने वाजवून पाहिलं. गंधारावर मान हलली. धैवतावर पुन्हा भुवई वर.

"थोडा चढव."

"पण आई, कोष्टकात..."

तिने नुसतं पाहिलं. मी कोष्टक बंद केलं आणि ती 'हं' म्हणेपर्यंत बटण फिरवत राहिलो. शेवटी कितीवर थांबलो, ते बघितलं नाही.